खुशालरावच्या वावरातली अळी

लोकांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, अशी महेजबीनची नोकरी होती. तिच्या अम्मीला, म्हणजे शाहजादीला, ही गोष्ट काही केल्या पटत नसे. "एवढं शिकून हेच करायचं होतं काय व?" ती म्हणायची. "हे काम त कोन्तीबी सासू फुकटात करते!" शेजारणी पोट धरून हसायच्या, महेजबीनही हसायची. मनातून अम्मीला पोरीचा केवढा अभिमान होता, हे सगळ्या डोणगावाला ठाऊक होतं.

सॉफ्टवेअर लोकांच्या हाती पडण्याआधी ते नीट चालतं का, हे तपासायचं काम ती आधी पुण्यात करत होती. मग राजकुमारने तिला मेहकरला बोलावलं. हा राजकुमार चिखलीकडचा. पुण्यातली भरल्या पगाराची नोकरी सोडून त्याने मेहकरात एका मेडिकलच्या वर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि बाहेर 'सॉफ्टवेअर' अशी पाटी लावली. सुरुवातीला लोक तिथे मोबाईल दुरुस्तीला यायचे. राजकुमारला नाही म्हणता येत नसे, त्यामुळे तो जमेल तेवढे मोबाईल दुरुस्तही करून द्यायचा. त्या लोकांच्या बोलण्यातूनच त्याला 'बोंडराखण' सुचलं.

त्याच्या आदल्या सालचा, सतरा सालचा कापूस कोणी विसरलं नव्हतं. बीटीच्या बियाण्याला बोंडअळी लागत नाही, या भरवशावर सगळे निर्धास्त राहिले, आणि वेचणीच्या तोंडावर कळलं की बाहेरून हिरवंगार, टवटवीत दिसणारं बोंड आतून गुलाबी अळीने पोखरलंय. कोणी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, नांगर घातला, कोणी ढोरं सोडली. ते पुन्हा होऊ नये म्हणून हे ॲप होतं. गुलाबी अळीचे पतंग धरायला वावरात सापळे लावायचे. सापळ्यात वासाची एक गोळी असते, तिच्या ओढीने पतंग येतात आणि खालच्या प्लॅस्टिकच्या थैलीत अडकतात. ते मोजून फोनमध्ये भरायचे, पऱ्हाटीची हालत सांगायची, मग 'बोंडराखण' सांगणार की फवारा मारा, बोंडं फोडून पाहा, किंवा काही करू नका, घरी जाऊन झोपा.

पोळा होऊन गेला होता, पऱ्हाटी फुलावर होती. येत्या सोमवारी हिवरा आश्रमला आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांची सभा ठरली होती आणि तिथून ॲप गावोगाव जाणार होतं. त्याआधी 'हो, द्या' असं म्हणायचं ते महेजबीनने. राजकुमारने तसा नियमच केला होता. ती हो म्हणाली आणि ॲप चुकलं, तर जाणारा कापूस काही पुण्यातल्या कोणाचा नव्हता. तो शेषरावकाकांचा होता, इंद्रभानचा होता. लहानपणी ज्यांच्या घरी पोळ्याच्या करंज्या खाल्ल्या, त्यांचा होता.

तपासायची रीतही राजकुमारची आवडती होती. "आपण ऑफिसात बसून परीक्षा काढली," तो म्हणायचा, "तर आपल्याला येतात तेच प्रश्न विचारू. वाक्यं शेतकऱ्याच्या तोंडची पाहिजेत." त्याने आणलेलं तपासणीचं साधन साधी वाक्यं वाचतं. आधी परिस्थिती काय, मग माणूस काय करतो, मग ॲपने काय करावं. महेजबीन पाठीमागे थोडा कोड लिहून ती वाक्यं ॲपला जोडून द्यायची. मग साधन ॲपला तसंच वागायला लावतं; ॲप बरोबर वागलं तर वाक्यापुढे हिरवी खूण, चुकलं तर लाल. साधनाला मराठीही येत होतं, पण पहिल्या वाक्यासाठी त्यात 'दिलेल्या प्रमाणे' असा शब्द होता. डोणगावात तो शब्द उच्चारला असता तर लोकांना वाटलं असतं, तलाठी आला. राजकुमारने तो काढून 'समजा' घातला. समजा, जेव्हा, तेव्हा. एवढं कोणालाही समजतं.

वाक्यं गोळा करायची जागा म्हणजे महेजबीनच्या अब्बूचं, नजीरभाईचं गादीघर, गाद्या-लोड भरून विकायचं दुकान. बसायला गाद्या, टेकायला लोड, आणि नजीरभाईचा चहा. कापूस पिंजायचं यंत्र तेवढ्यापुरतं बंद ठेवायचं, नाहीतर सगळे उठून जाताना म्हातारे होऊन जायचे, केसांवर रुई बसून.

पहिल्या बैठकीला शेषराव आले, त्यांची बायको शालूबाई आली, इंद्रभान आला आणि आणखी दोघं-चौघं. शेषराव म्हणजे गावातले कपाशीचे राजे. त्यांचं वावर मेहकर रोडला लागून. बियाण्याच्या एका कंपनीने तिथे 'आदर्श प्लॉट' अशी भलीमोठी पाटी ठोकली होती आणि शेषरावांना शाल, नारळ देऊन फोटो काढला होता. तो फोटो घरात देवांच्या शेजारी होता. शालूबाई म्हणायची, देवांपेक्षा त्यालेच जास्त पुसतात.

"सांगा काका," महेजबीन लॅपटॉप उघडून म्हणाली. "'समजा'पासून सुरुवात करा."

शेषराव घसा खाकरून म्हणाले, "समजा, पऱ्हाटी कमरेएवढी झाली. जेव्हा मी वावरात जातो, तेव्हा मले बरं वाटते."

"काका, तेव्हा ॲपनं काय करावं, ते सांगायचं."

"त्यानंबी खुश व्हावं. आनखीन काय!"

इंद्रभानचं वाक्य असं : समजा पाणी वेळेवर आलं, जेव्हा सापळा पाहिला, तेव्हा त्यात एकही पाखरू नाही. दुसऱ्याचं असं : समजा पऱ्हाटीला फुलंच फुलं आहेत. तिसऱ्याच्या वावरात तर कापूस फुटून घरापर्यंत आला होता आणि भावही बरा मिळाला होता. महेजबीन लिहीत गेली. लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की एवढ्या सगळ्या 'समजा'मध्ये एका वावरातही अळी नाही.

"आता अळीचं सांगा," ती म्हणाली. "समजा, शेषरावकाकांच्या वावरात अळी—"

"ओ माय!" शालूबाईने तिच्या तोंडावर हातच ठेवला. "असं बोलू नाई बेटा. वास्तू तथास्तु म्हनते."

"खुदा ना करे," नजीरभाई यंत्रामागून म्हणाला.

"मग इंद्रभानदादांचं लिहू का?"

"माया वावराचं नाव घेऊ नोको बापा," इंद्रभान हात जोडून म्हणाला. "घरी समजलं त बायको जेवाले देनार नाई."

गोष्ट हसण्यावारी गेली, पण कोणी हललं नाही. मागच्या सालच्या बोंडांनी तोंड भाजलं होतं, आता लोक ताकही फुंकून पीत होते. अळीचं नाव तोंडाने घेणं म्हणजे तिला पाट मांडून बोलावणं. महेजबीनने जमलेली वाक्यं साधनात घातली. सगळीच्या सगळी हिरवी झाली. मेहकरहून राजकुमारचा फोन आला, तो खुशीत होता. "सगळं हिरवं, महेजबीन!"

"सर, मागच्या सालची बोंडंबी हिरवीच होती," ती म्हणाली.

राजकुमारने त्या हिरव्या खुणा पुन्हा खालपर्यंत पाहिल्या. मग म्हणाला, "आपण आपल्या मनानं लिहायचं का अळीचं वाक्य?" पण हे सुचवताना त्याचाच आवाज पडला होता. अळी कशी येते, कुठून दिसते, माणूस तेव्हा काय करतो, हे त्या दोघांना पुस्तकातलं ठाऊक होतं. पुस्तकातल्याला ॲप बरोबर उत्तर देणारच, कारण ॲपही त्याच पुस्तकातून आलं होतं.

दुसऱ्या बैठकीला महेजबीनने नवी युक्ती काढली. "कोणाचंच नाव नको," ती म्हणाली. "आपण एक खोटाच माणूस घेऊ. खुशालराव. आपल्या गावात कोणी खुशालराव आहे?"

सगळ्यांनी डोकी खाजवून पाहिलं. नव्हता.

"मंग हा कोन्या गावचा?" इंद्रभानने विचारलं.

"कोणत्याच नाही. खोटा आहे ना."

"असा कसा? मानूस हाये त गाव असनच."

झालं! खुशालरावला दुसरबीडच्या अलीकडे गाव मिळालं. मग वावर ओलिताचं की कोरडवाहू, यावर वाद झाला आणि शेवटी त्याला एक विहीर देण्यात आली. शालूबाईने विचारलं, लेकरं किती. लेकरं झाली. थोरलीचं लग्न ठरलं. बैलजोडी इंद्रभानने दिली, आणि ती इतकी उमदी दिली की त्याच्या स्वतःच्या बैलांना राग यावा. नजीरभाईने थोरलीच्या लग्नासाठी दोन गाद्या आणि लोड धरून ठेवले. महेजबीन वाक्य लिहायला बोटं टेकवून बसली होती. अखेर तिने विचारलं, "आता खुशालरावच्या पऱ्हाटीत अळी घालू का?"

शालूबाईचे डोळे भरून आले. "घरात लगीन हाये व त्याच्या. आताच घालतं का?"

"मानूस लय चांगला हाये," इंद्रभान म्हणाला.

महेजबीनने कपाळावर हात मारला. मघाशी जन्मलेल्या माणसाला या लोकांनी सोयरा करून टाकलं होतं, आणि सोयऱ्याच्या वावरात अळी घालायला कोण धजावणार! तिला राग यायला हवा होता, पण आलं ते हसूच. घरी गेल्यावर मात्र तिला झोप लागेना. सोमवार जवळ येत होता आणि हातात एकही लाल खूण नव्हती.

शुक्रवारी दुपारी तिसरी बैठक होती. शालूबाईने आल्या आल्या विचारलं, "खुशालराव कसा हाये?" सगळे हसले. शेषराव हसले नाहीत. ते भिंतीला टेकून बसले होते आणि हातात गादीतून निघालेली रुई पिंजत होते.

"घाला त्याच्या वावरात अळी," ते एकदम म्हणाले.

"ओ, काय बोलता!" शालूबाई म्हणाली.

"खोटाच हाये ना तो? मंग घाला. लिही पोरी. समजा, खुशालरावच्या पऱ्हाटीत डोमकळ्या दिसून राह्यल्या."

डोमकळी म्हणजे उमलायच्या ऐवजी गुलाबाच्या कळीसारखं मिटून गेलेलं फूल. आत अळी बसलेली असली की पाकळ्या अशा चिकटतात. महेजबीनची बोटं भराभर चालू लागली.

"सगळ्या वावरात नाई," शेषराव सांगत होते. "बोरीच्या झाडापाशी, खालच्या धुऱ्याले. रोडावरून दिसत नाई तिथं. अन् लिही, समजा, सापळ्यात एकबी पाखरू नाई."

"डोमकळ्या हायेत आन् पाखरं नाईत?" इंद्रभानने विचारलं. "असं कसं होईन?"

"होते. खुशालराव पाहाटे जाते अन् सापळ्याची थैली झटकून टाकते."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? रोडाच्या कडेचं वावर हाये. जानारायेनारा पाहते. मोठमोठे लोकं येऊन फोटो काढतात. सापळ्यात पाखरं दिसली त काय म्हनतीन?"

खुशालरावचं वावर दुसरबीडच्या अलीकडे, आत कुठेतरी होतं. ते रोडाच्या कडेला कधी आलं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शालूबाई नवऱ्याकडे पाहत होती. महेजबीनने मान वर केली नाही. वर पाहिलं तर काकांचं बोलणं थांबेल, एवढं तिला कळत होतं.

"आणि जेव्हा?" तिने हळूच विचारलं.

"जेव्हा खुशालराव फोनात सारं भरते. डोमकळ्या बी भरते, पाखरं शून्य बी भरते."

"तेव्हा ॲपनं काय करावं, काका?"

शेषरावांनी हातातली रुई खाली ठेवली. "तेव्हा ॲपनं म्हनावं, बावा, सापळ्याचं राहू दे. बोंडं फोडून पाय."

महेजबीनने वाक्यं जोडली आणि साधन चालवलं. सगळे लॅपटॉपवर वाकले. पहिली खूण हिरवी, दुसरी हिरवी, आणि शेवटच्या वाक्यापुढे लालभडक फुली. ॲपने खुशालरावला उत्तर दिलं होतं : तुमचं वावर निरोगी आहे, काही करण्याची गरज नाही.

"लाल झालं," नजीरभाई घाबरून म्हणाला. "बिघडलं का बेटा?"

"नाही अब्बू, सापडलं!" महेजबीन गादीवरून उडीच मारून उठली. ॲप आधी सापळ्याचा आकडा पाहत होतं, आणि तो शून्य असला की पुढे फुलांकडे ढुंकूनही बघत नव्हतं. राजकुमारकडच्या ॲप लिहिणाऱ्या पोरांनी धरून चालले होते की सापळा खोटं बोलत नाही. सापळा बोलत नव्हताच. त्याला रोज पहाटे खोटं बोलायला लावणारा माणूस असू शकतो, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. तिच्याही आलं नव्हतं. सोमवारी हे ॲप गावोगाव गेलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने ती हादरली, आणि त्याच वेळी आनंदाने ओरडावंसंही वाटलं.

मग तिची नजर शेषरावांकडे गेली. ते लाल फुलीकडे पाहत होते. निरोगी आहे, हे वाक्य त्यांनी ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"काका," ती त्यांच्याजवळ बसत म्हणाली, "खुशालरावनं बोंडं फोडून पाहिली का?"

"त्याची हिंमत होत नाई पोरी."

"अन् खुशालरावची बायको काय करून राह्यली?" शालूबाईने विचारलं. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि तीस वर्षांच्या संसारात या आवाजाला शेषराव सगळ्यात जास्त घाबरत.

"तिले माईत नाई."

"आता झालं माईत," शालूबाई म्हणाली आणि पदर खोचून उठली. "चाला."

सगळेच निघाले. नजीरभाईने दुकान उघडंच टाकलं. वावरात पोचल्यावर शालूबाई पाटीखालून वाकून थेट आत शिरली, मागे वळून पाहिलंही नाही. बोरीजवळ डोमकळ्या होत्या. शेषराव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे राहिले, निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखे. हिरवं बोंड फोडायचं म्हणजे हाताशी आलेला कापूस मोडायचा. शालूबाईने पहिलं बोंड तोडलं, कपाळाला लावलं आणि दगडावर ठेचलं. स्वच्छ, पांढरं. दुसरंही स्वच्छ निघालं. तिसऱ्यात एक बारकी, गुलाबीसर अळी वळवळली. मग इंद्रभान फोडू लागला, नजीरभाई फोडू लागला, महेजबीनही. फोडून झाल्यावर हिशेब निघाला तो असा, की फवारा मारण्याइतकी अळी होती आणि रडण्याइतकी नव्हती.

शालूबाई मात्र रडली. "इतके दिस एकटेच पाहाटे उठून थैल्या झटकत होते," ती नवऱ्याला म्हणाली. "मले वाटे, म्हाताऱ्याले देवाधर्माचं वेड लागलं. अहो, मले सांगतलं असतं त दोघायनं झटकल्या असत्या."

शेषरावांना हसू फुटलं. डोळे पुसत ते हसत राहिले; बाकीच्यांनीही डोळे पुसले, आणि ते कोणाला दिसलंच नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

इंद्रभानला त्या हसण्यातच धीर आला. धुऱ्यावर बसून तो म्हणाला, "महेजबीन, आनखीन एक लिही. समजा, खुशालरावनं सापळ्याची थैली काढून त्यात बाजारातून वांगे आनले."

"कधी?"

"श्रावणात. तवापासून सापळा बिनथैलीचाच हाये त्याचा."

दुसऱ्या एकाच्या खुशालरावने वासाची गोळी लावल्यापासून बदललीच नव्हती. वास अजून येतो का, हे तो रोज स्वतः हुंगून पाहत होता. संध्याकाळपर्यंत खुशालरावकडे इतकी वावरं झाली की गावात तेवढी जमीन नव्हती. महेजबीनने सगळी वाक्यं घातली आणि निम्म्याहून जास्त लाल झाली. राजकुमार मोटारसायकलवर डोणगावला आला तो लाल खुणांची रांग पाहून मटकन खालीच बसला. मग नजीरभाईचा चहा पिऊन उठला आणि पोरांना कामाला लावलं. आता ॲप आधी फुलांचं विचारायचं, सापळ्याला थैली आहे का ते विचारायचं, गोळी कधीची ते विचारायचं, आणि शून्य दिसलं की विश्वास न ठेवता बोंड फोडायला सांगायचं. रविवारी एकेक खूण हिरवी होत गेली. शेषरावांचा फवारा त्याआधीच मारून झाला होता.

"मग?" राजकुमारने विचारलं. "हो म्हणतेस ना?"

महेजबीनला हो म्हणायचं होतं, पण एक गोष्ट खटकत होती. "सर, खरं भरलं तर ॲप बरोबर सांगेल," ती म्हणाली. "डोमकळ्या आहेत, हे शेषरावकाकांनी खुशालरावच्या नावानं सांगितलं. फोनमध्ये तर स्वतःच्या नावानं भरावं लागतं ना? मनात भीती असली तर माणूस तिथेही शून्यच लिहील. याची परीक्षा कोणतं साधन घेणार?"

"उद्या सभेतच सांग," राजकुमार म्हणाला. "तू नाही म्हणालीस तर मी लोकांना चहा पाजून परत पाठवीन." हे बोलताना त्याचा चेहरा पडला होता, पण शब्द त्याने फिरवला नाही.

हिवरा आश्रमच्या सभागृहात सोमवारी बसायला जागा उरली नाही. मेहकर, दुसरबीड, पार लोणारकडून लोक आले होते. राजकुमारने पडद्यावर खुशालरावची वाक्यं लावली आणि महेजबीनने ती एकेक वाचून दाखवली. वांग्यांच्या थैलीला सभागृह खदखदून हसलं. पाखरं झटकण्याच्या वाक्याला मात्र फारसं कोणी हसलं नाही. लोक एकमेकांकडे पाहत होते आणि लगेच नजरा काढून घेत होते. महेजबीनला ते दिसत होतं. आपल्याला वाटत होतं तसंच आहे, तिने मनात म्हटलं, आणि राजकुमारला नाही सांगायची तयारी केली.

मागून कोणीतरी ओरडलं, "हा खुशालराव कोन्या गावचा हो?"

हशा झाला. महेजबीन म्हणणार होती, कोणत्याच नाही. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून शेषराव उठले. त्यांनी शाल पांघरली होती, तीच, फोटोतली. शालूबाईने त्यांचा सदरा मागून धरला होता. थांबवायला धरला की आधाराला, ते कळत नव्हतं.

"समजा," शेषराव म्हणाले. आवाज पोचेना म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "समजा, डोनगावच्या शेषरावच्या वावरात अळी हाये..." आणि ते थांबले. सगळं सभागृह थांबलं. वास्तू जे काही म्हणते ते म्हणायला तिला पुरेपूर वेळ मिळाला.

"समजा कायले हो?" ते म्हणाले. "हायेच. पाटीवालं वावर. या पाहाले, लपवत नाई आता. वेळेवर दिसली म्हनून फवारा मारता आला."

ते खाली बसले. महेजबीनला धावत जाऊन त्यांचा हात धरावासा वाटला, पण तेवढ्यात मागच्या रांगेतला एक अनोळखी माणूस उठला. टोपी हातात घेऊन तो म्हणाला, "माया बी वावरात हाये." त्याच्या शेजारचा उठला. मग बायकांच्या बाजूने एक आजीबाई बसल्या बसल्याच म्हणाली, "लेक सांगत नाई, पन हाये. मी पाह्यली." लेकाने कपाळाला हात लावला, आणि मग सभागृहभर लोक उठून आपापल्या गावाचं नाव सांगू लागले.

राजकुमार गर्दीतून वाट काढत महेजबीनपाशी आला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

"हो सर," ती म्हणाली. "द्या."